काळभाताच्या मागावर

साल १८८६. आषाढ अर्ध्यावर आला आहे आणि तुम्ही अकोले तालुक्यातल्या डांगाणात, पोटऱ्या बुडतील एवढ्या चिखलात उभे आहात. समोर कळसूबाईचा डोंगर असायला हवा, पण आठवडाभर तो कुणाला दिसलेला नाही. पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आहे. बांबूच्या कामट्यांवर पानं बसवून केलेलं इरलं पाठ तेवढी कोरडी ठेवतं, पण बोटांना सुरकुत्या पडल्या आहेत. शेजारच्या खाचरात चिखलणी चालली आहे. डांगी बैलांची काळी-पांढरी कातडी तेलकट चकाकते. या पावसात दुसरं जनावर आजारी पडतं, डांगी उभं राहतं.

तुम्ही उतरला आहात ते घर महादेव कोळ्यांचं. डांगाणातलं कुठलंही एक घर समजा. घरची म्हातारी कमरेत वाकून, एकेक पाऊल मागे सरकत आवणी करते आहे. तुमची रोपं तिरकी पडताना बघून ती थांबते.

"पाव्हणं, चार काड्या धरा, जास्त नको. आन् खोल नका खोचू. वरवर लावा, मूळ आपलंआपण खाली जातं."

तुमच्या हातातल्या जुडीत काळभात आहे. आत्ता ते इतर कुठल्याही भातासारखं हिरवं दिसतं. पण म्हातारी एका नजरेत जुड्या वेगळ्या करते आणि प्रत्येक जुडीला तिची जागा देते. सगळ्यात वर, पाणी न धरणाऱ्या मुरमाड उतारावर हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात. मधल्या खाचरांत निमगरवं. ओढ्याकाठच्या खोलगट, शेवटपर्यंत ओल धरणाऱ्या जमिनीत उशिरा पिकणारं गरवं. भादव्यात पाऊस अचानक निघून गेला तर गरव्याला फटका बसेल, पण हळवं तोवर घरात आलेलं असेल. पाऊस लांबला तर हळवं भिजेल, गरवं मात्र भरून येईल. शिवाय प्रत्येकाचं घरातलं काम ठरलेलं. लाल तांदळाची पेज बाळंतिणीला आणि आजाऱ्याला. जाड भात कष्टाच्या दिवसांना, कारण तो पोटाला धरून राहतो. काळभात, रायभोग, जिरवेल हे वासाचे तांदूळ सणाला आणि पाहुण्याला. डोंगराच्या एका उतारावर एवढी वेगवेगळी भातं का आहेत, याचं उत्तर तुमच्या पायाखाली आहे: खाचर बदललं की माती बदलते, पाणी बदलतं, आणि बीही बदलावं लागतं.

ही रोपं जिथून उपटून आणली तो राब उन्हाळ्यात भाजला होता. शेण, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या, गवत यांचे थर रचून, वर माती टाकून पेटवला होता. त्याने तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते आणि पहिल्या पावसात राखेतून रोप जोमानं उठतं. पण फांद्या कुठून आणायच्या, हा प्रश्न या साली साऱ्या सह्याद्रीत पेटलेला आहे. १८७८ च्या जंगल कायद्याने रानावर सरकारचा हक्क घट्ट केला. घाटाखाली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या लोकांची गाऱ्हाणी ऐकायला मुंबई सरकारने नेमलेला वन आयोग १८८५ पासून काम करतो आहे आणि त्या गाऱ्हाण्यांत राबाची फांदी सगळ्यात वर आहे. भाताचं बी एकटं जगत नाही. त्याच्यामागे रान असतं, गुरं असतात आणि ती राखायची मुभा असते.

आता चार महिने पुढे चला. कार्तिक. ढग गेले आहेत आणि कळसूबाई उन्हात स्वच्छ दिसते आहे. काळभात छातीला लागेल एवढं उंच झालं आहे. लोंब्या वाकल्या आहेत, टरफल काळं पडलं आहे. एक दाणा नखाने सोला. आतला तांदूळ पांढरा आहे.

विळे तयार आहेत, तरी सोंगणी सुरू होत नाही. आधी म्हातारी सुनेला घेऊन एकटीच खाचरात शिरते.

"मधलं घे गं पोरी. बांधाकडचं नको, तितं शेजारचं मिसळतंय. ही बघ, हिला कूस आली, ही आपली न्हाई. खालपोतर भरल्याली असंल तीच लोंबी तोड."

तुम्ही पुढच्या शतकांतून आला आहात, म्हणून तिच्या या नियमामागचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. भाताचं फूल बहुतेक वेळा उघडायच्या सुमारालाच स्वतःच्याच परागाने फळतं. दुसऱ्या रोपाशी संकर होण्याचं प्रमाण साधारणपणे शंभरात एकापेक्षाही कमी. आजच्या प्रमाणित बियाण्याच्या शेतालाही दुसऱ्या भातापासून तीन मीटरचं अंतर पुरेसं मानतात. म्हणूनच शेतकऱ्याच्या घरात भाताची जात पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राहू शकते. अट एवढीच की दर वर्षी कुणीतरी डोळ्यांत तेल घालून परक्या लोंब्या बाजूला काढल्या पाहिजेत. ही सून हे काम शिकते आहे. शाळा नाही, पुस्तक नाही. खाचर हीच परीक्षा, आणि निकाल पुढच्या आषाढात.

तोडलेल्या लोंब्या वेगळ्या वाळतात, वेगळ्या झोडल्या जातात. सुपाने पाखडून पोचट दाणे उडवले जातात. उन्हात तापलेलं बी रात्रभर निवू दिलं जातं, कारण गरम बी कोंडलं तर त्याला घाम सुटतो आणि ते मरतं. मग राखेत घोळवून, कडुनिंबाचा पाला घालून ते गाडग्यात जातं, तोंड शेणमातीने लिंपलं जातं आणि गाडगं चुलीच्या धुराच्या वाटेवर माळ्यावर बसतं. खायचं भात कणगीत, पेरायचं गाडग्यात. कणगी रिकामी झाली तरी गाडग्याला हात लावायचा नाही, हा घरचा कायदा.

साल १९६८

घर तेच, चूल तीच. त्या सुनेची नातसून आता घरची कर्ती आहे. ओट्यावर ग्रामसेवक बसला आहे आणि त्याच्या पायाशी दोन पोती आहेत: एक बियाण्याचं, एक युरियाचं.

त्याचं बोलणं लक्ष देऊन ऐका, कारण तो खरं सांगतो आहे. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन वर्षं देशावर दुष्काळ आला. अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हाची जहाजं बंदरात आली तेव्हा शहरांच्या रेशनवर धान्य दिसलं. फिलिपिन्समधल्या लॉस बान्योसच्या भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये आयआर ८ हे बुटकं भात दिलं आणि १९६८ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी जया हे वाण आणलं. जुनं उंच भात खत जास्त झालं की माजतं आणि लोंबीच्या भाराने आडवं पडतं. हे बुटकं भात खत पचवतं आणि उभं राहतं. एका खाचरातून जास्त पोती निघतात. घरात खाणारी तोंडं वाढली आहेत आणि जमीन तेवढीच आहे. घरधनी हो म्हणतो, यात त्याचं काही चुकत नाही.

ग्रामसेवकाला कदाचित माहीत नसलेली एक गोष्ट मात्र तुम्हाला माहीत आहे. आयआर ८ ला बुटकेपणा दिला तो तैवानमधल्या डी-जिओ-वू-जेन या जुन्या भाताने. तिथल्या शेतकऱ्यांनी ते बुटकं रोप आपल्या शेतात टिकवलं नसतं, तर प्रयोगशाळेला ते मिळालं नसतं. नवं बी जुन्या बियातूनच जन्माला आलं होतं, आणि त्याच्या यशामुळे गावोगावची जुनी बियाणी खाचरांतून बाहेर पडू लागली.

त्या कार्तिकात नव्या भाताची पोती ओट्यावर लागतात आणि घरात आनंद होतो. पहिल्या पंगतीला भात वाढला जातो तेव्हा तुम्हीही पानावर बसा. दाणा जाडा आहे. निवला की कडक होतो. सासरे काही बोलत नाहीत, फक्त वरण जास्त घेतात. गुरांसमोर टाकलेला नवा पेंढा आखूड आहे. घर शाकारायला तो पुरत नाही.

म्हणून घरची बाई एक निर्णय घेते. ओढ्याकाठचं एक खाचर ती नव्या भाताला देत नाही. तिथे काळभातच लागेल. मुलीच्या लग्नाला, नवान्नाला, माहेरच्या माणसांना. कुणी तिला विचारलं तर ती संवर्धन वगैरे शब्द वापरणार नाही. तिला तो भात हवा आहे. शिजताना दारापर्यंत येणारा वास हवा आहे. आंबेमोहोर असो की बासमती, सुगंधी तांदळाच्या वासात मुख्य वाटा २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन नावाच्या एका द्रव्याचा असतो, हे नंतरच्या काळात शास्त्रज्ञ सांगतील. त्या द्रव्याचं नाव माहीत नसलेल्या बायकांनी ते नाकाने ओळखून शेकडो वर्षं निवडत आणलं.

चार वर्षं पुढे या. १९७२. पाऊस दगा देतो. महाराष्ट्रभर माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत आहेत, सुकडी आणि परदेशी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढत आहेत. डांगाणात पाऊस थोडाफार आहे, पण कणगीचा तळ दिसतो आहे. पलीकडच्या गावातून भाची आली आहे. तिच्या घरात बियाण्याचं गाडगं फोडावं लागलं आणि बी शिजवून खावं लागलं. तिच्या पोरांकडे बघून तिला कोण दोष देईल?

मावशी माळ्यावर चढते. गाडग्याचं लिंपण काढते आणि पायलीभर काळभात पदरात घालते.

"ने. पिकलं की दुप्पट आणून दे. न्हाई पिकलं तर पुढल्या साली ये."

हा पायलीभर व्यवहार नीट लक्षात ठेवा. कुठल्याही दप्तरात त्याची नोंद नाही.

रायपूर, सत्तरचं दशक

थोडा वेळ डांगाण सोडा आणि पूर्वेकडे, छत्तीसगडच्या भातप्रदेशात चला. तो आत्ता मध्य प्रदेशात आहे. एका खोलीत कपाटांवर कपाटं लागली आहेत आणि प्रत्येकात बियाण्यांच्या पुड्या. टेबलाशी डॉ. राधेलाल रिछारिया बसले आहेत. ते कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक होते. परदेशी बुटकी वाणं घाईने देशभर पसरवू नका, त्यांच्याबरोबर रोग-किडी येतील, असं त्यांनी ठामपणे सांगितलं आणि त्यांना ते पद सोडावं लागलं. रायपूरच्या भात संशोधन संस्थेत येऊन त्यांनी गावोगावचे भात गोळा करायला घेतले. हा संग्रह १९ हजारांच्या वर गेला. पुढे ती संस्था बंद झाली, पण संग्रह रायपूरच्या कृषी विद्यापीठात राहिला. २००२ साली तो एका बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीच्या हाती जाऊ पाहत होता, तेव्हा छत्तीसगडचे शेतकरी आणि कार्यकर्ते रस्त्यावर आले आणि कंपनीला माघार घ्यावी लागली.

अशा पुड्यांचं मोल किती, हे ओडिशाच्या एका भाताने दाखवून दिलं. पुराच्या पाण्याखाली आठवडा-दोन आठवडे बुडूनही न मरणारं एक स्थानिक भात तिथले शेतकरी लावत होते. त्यातून निवडलेल्या एफआर १३ए मध्ये शास्त्रज्ञांना पूर सोसण्याचा गुण सापडला. त्यामागचं जनुक २००६ मध्ये नेमकं ओळखलं गेलं आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब१ हे वाण भारतातल्या शेतकऱ्यांच्या हाती आलं. पूर येणाऱ्या खाचरात आज जे नवं भात तगतं, त्याला तो गुण अशाच जुन्या भाताकडून मिळाला.

लॉस बान्योसच्या जनुकपेढीत भाताचे एक लाखाहून जास्त नमुने उणे २० अंशांच्या थंडीत ठेवलेले आहेत. ते हवेतच. पण त्या खोलीतलं बी झोपलेलं आहे. पाऊस उशिरा येऊ लागला, नवी कीड आली, ऊन वाढलं, तर शेतातलं बी दर वर्षी थोडं थोडं त्याच्याशी जुळवून घेतं. गोठवलेलं बी ठेवलं त्या दिवसाशीच थांबतं. रिछारियांना हे पुरतं कळलं होतं. गटागटांत शेतकऱ्यांनीच चालवायची भात केंद्रं असावीत आणि तिथलं भात तिथल्याच मातीत दर वर्षी पेरलं जावं, अशी मांडणी त्यांनी नंतर सरकारपुढे केली. तशी केंद्रं देशभर उभी राहिली नाहीत.

साल १९९८

पुन्हा डांगाणातलं ते घर. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. खाचरांत इंद्रायणी आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून दिलेलं हे भात चांगलं पिकतं, त्याला वास आहे, बाजारात भाव आहे. काळभाताचं खाचर दोन पावसाळे पडून राहिलं, कारण सासू अंथरुणावर होती आणि सुनेला एकटीला झेपलं नाही.

तिसऱ्या वर्षी सून माळ्यावरून गाडगं उतरवते. लिंपण शाबूत आहे. राख कोरडी आहे. एका दाण्यालाही कीड नाही. तुम्ही तिच्याबरोबर राबात बी टाकता आणि आठ दिवस वाट बघता. दहा दिवस. शेजारच्या वाफ्यात इंद्रायणी हिरवीगार उठली आहे. काळभाताच्या वाफ्यात फक्त राख आहे.

कुणी बी फेकलं नाही, विकलं नाही, जाळलं नाही. दमट हवेत घरात ठेवलेलं भाताचं बी वर्ष-दोन वर्षांत उगवण गमावतं. ११२ वर्षांपूर्वी तुम्ही ज्या घरात काळभात लावलंत, तिथे ते दोन पावसाळ्यांच्या खाड्याने संपलं. जुन्या जाती जातात त्या बहुतेक अशाच जातात. त्यांच्या जाण्याची तारीख कुणालाच माहीत नसते.

साल २०१८

अकोले तालुक्यातलंच कोंभाळणे. राहीबाई सोमा पोपेरे यांच्या घराकडे रोज माणसं येत आहेत. शाळेत न गेलेल्या, महादेव कोळी समाजातल्या या बाईंनी नातवाचं आजारपण फवारणीच्या भाज्यांशी जोडलं आणि गावरान बियाणं गोळा करायला सुरुवात केली. वाल, घेवडे, भाज्या, नाचणी, भात. बायफ या संस्थेची साथ मिळाली आणि परिसरातल्या शेतकऱ्यांची बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. या वर्षी बीबीसीने जगातल्या १०० प्रभावी स्त्रियांच्या यादीत राहीबाईंचं नाव घेतलं आहे. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर होईल. लोक त्यांना बीजमाता म्हणतात.

त्या ओळखीमुळे डांगाणातल्या घराघरांत एक विचारणा सुरू झाली आहे: तुमच्याकडे जुनं काय उरलंय? आपल्या घरची सूनही विचारते. ती आता स्वतः सासू झाली आहे. विचारत विचारत ती पलीकडच्या गावात जाते, आणि तिथे एका खाचरात काळभात उभं असतं. बहात्तरच्या दुष्काळात मावशीने पदरात घातलेल्या पायलीचं. त्या घराने एकही पावसाळा चुकवला नव्हता.

"तुमच्याच घरचं हाय हे, आत्या," तिथली पोरगी म्हणते. "न्या. पिकलं की दुप्पट द्या."

बियाणे बँकांत आज हाच नियम चालतो: बी घ्यायचं आणि पिकल्यावर वाढवून परत करायचं. जास्तीचं बी तिसऱ्या घराला जातं. एका घराचा एक पावसाळा चुकला तरी दुसऱ्या घरात बी जिवंत असावं, यासाठी याहून खात्रीची तिजोरी अजून कुणी बनवलेली नाही.

आज

आता तुम्ही तुमच्या काळात, तुमच्या घरात आहात. कायदा तुमच्या बाजूने आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त ते ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. शेतकऱ्याला आपलं पारंपरिक वाण स्वतःच्या नावाने नोंदवताही येतं. पण हक्काने बी उगवत नाही. ते पेरावं लागतं, आणि पिकलेलं कुणीतरी खावं लागतं.

शेती असेल तर एक लहान खाचर जुन्या भाताला द्या. सोंगणीआधी मधल्या लोंब्या निवडा, बी वेगळं राखा. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवा. आठ-दहा दिवसांत ऐंशी उगवले तर बी पेरण्याजोगं आहे, तोच प्रमाणित बियाण्याचाही किमान निकष आहे. आणि पायलीभर बी दुसऱ्या गावातल्या घरात ठेवा.

शेती नसेल तर तुमचं काम स्वयंपाकघरात आहे. काळभात, रायभोग, घनसाळ, जुना आंबेमोहोर, कोकणातला लाल तांदूळ, गोव्याच्या खाजणातला कोरगुट, यांतला जो तुमच्या भागातला असेल तो शोधा. पिकवणाऱ्याकडून थेट घ्या, त्याने सांगितलेल्या भावाने घ्या, आणि एकदा हौस म्हणून न घेता दर वर्षी घ्या. त्याचा उतारा कमी येतो, म्हणून भाव जास्त असतो. तो भाव दिलात तरच पुढच्या आषाढात ते खाचर रिकामं राहणार नाही.

जुनं बी वाचवायचं काम पुरस्कार मिळालेल्या चार माणसांवर सोडून चालणार नाही. दोन पावसाळे चुकले की ते संपतं. यंदाचा पावसाळा तुमच्या वाट्याचा आहे. तो चुकवू नका.